छत्तीस किलो शंभर ग्रॅम

केतकीच्या कमरेपाशी यंत्र वाजले.

मी ते मागे घेतले आणि चार बोटे अंतर राखून तिच्या उजव्या कुशीकडून डाव्या कुशीकडे पुन्हा एकदा फिरवले. ते पुन्हा वाजले आणि या खेपेस थांबेना.

"बाळ, अंगावर काही राहिलं आहे का? पिन, साखळी, करदोटा?"

"काही नाही मामा."

"मग हे यंत्र उगाच बोंबलतं आहे का?"

"बिघडलं असेल," ती म्हणाली. "तुमच्या दवाखान्यात काय धड असतं? बाहेरचा पंखा तरी कुठं फिरतो?"

बोलणे नेहमीसारखे फटकळ होते. परंतु तिने दोन्ही हात गाऊनवरून पोटाशी घट्ट आवळून धरले होते आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

ही हकिकत चौदा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबर महिन्यातील आहे. मिरजेतील एका रुग्णालयाच्या एम.आर.आय. विभागात मी परिचर होतो. परिचर म्हणजे वॉर्डबॉय. रुग्णाच्या अंगावर लोखंडाचा कणही राहिलेला नाही याची खात्री करून मगच त्याला आत सोडणे, हे माझे काम. आतले चुंबक कधीही निजत नाही. वीज गेली तरी ते जागेच असते. एकदा एका नातेवाइकाच्या खिशातील अडकित्ता माझ्या डोळ्यांदेखत हवेतून उडत जाऊन यंत्राच्या तोंडाशी चिकटला होता, आणि तो ओढून काढण्यास तीन माणसे लागली होती. स्त्रियांची तपासणी एरवी आमच्या शकुंतलाबाई करीत. त्या दिवशी त्या पुतणीच्या साखरपुड्यास गेल्या होत्या, म्हणून ते धातू शोधणारे हातातले यंत्र माझ्याकडे आले होते.

केतकी मगदूम ही कुरुंदवाडची, बारावीत शिकणारी मुलगी. तिने अन्न सोडले होते. प्रथम गोड सोडले, मग तेल, मग भाकरी. शेवटी अर्ध्या काकडीचे सोळा काप करून ती दिवस काढू लागली. घरच्यांना ते आधी उपासाचे वेड वाटले आणि त्यांनी कौतुकच केले. पुढे ती शाळेच्या जिन्यात कोसळली, तेव्हा तिला आमच्याकडे आणले. मानसोपचाराच्या डॉक्टर सबनीस मॅडम अशा मुलींच्या मेंदूची छायाचित्रे घेऊन अभ्यास करीत होत्या. दाखल होताच एक छायाचित्र, आणि सहा आठवडे अन्न पोटात गेल्यावर दुसरे. "उपासमारीनं मेंदू आक्रसतो, सुतार," असे त्यांनी मला एकदा समजावून सांगितले होते. "पण अन्न मिळालं की तो पुन्हा भरायला लागतो. ते मला डोळ्यांनी बघायचंय."

मॅडमचा नियम वॉर्डात सर्वांना ठाऊक होता. वजन छत्तीस किलो भरले की घरी जायचे. कमी भरले तर आणखी एक महिना वॉर्डात, आणि तोंडाने खात नसेल तर नाकातून नळी.

त्या दिवशी केतकीचे वजन आमच्याच विभागात, तपासणीचा गाऊन घालून, मॅडमच्या समक्ष झाले होते. काट्यावर आकडा आला छत्तीस किलो शंभर ग्रॅम. मॅडमनी लहान मुलीसारखी टाळी वाजवली आणि दार उघडून बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आईला ओरडून सांगितले, "मगदूमबाई, छत्तीस शंभर!" आईने तिथूनच हात जोडले.

"मॅडम, मी जरा बाथरूमला जाऊन येते," केतकी म्हणाली.

"आता नाही. आधीच अर्धा तास उशीर झालाय. सुतार, घ्या हिला."

असे म्हणून मॅडम काचेपलीकडच्या खोलीत गेल्या, दार लागले, आणि त्या अरुंद बोळात ती, मी आणि ते वाजणारे यंत्र एवढेच उरलो.

"हे बघ बाळ," मी म्हणालो, "लोखंड घेऊन आत गेलीस तर तुझा जीव जाईल. तुला मी तसं सोडणार नाही. मॅडमना हाक मारू का?"

"नको!" तिने माझी बाही धरली. मग सोडली. "तोंड तिकडं करा."

मी भिंतीकडे तोंड केले. मागे गाठ सोडल्याचा आवाज झाला, कापड सरकले, आणि स्टुलावर काहीतरी दाणकन पडले.

"वळा आता."

जुन्या परकराच्या कापडाचा तो पट्टा होता. त्याला पाच कप्पे शिवलेले होते. टाके इतके बारीक, इतके सरळ, की पाहत राहावे. मी एका कप्प्यात बोट घातले. आत लोखंडी वजन होते. किराणा दुकानात तागडीत टाकतात ते, सहा कोनांचे, वर ५०० असा उठाव असलेले.

"पाचशेची दोन आहेत आणि दोनशेची तीन," ती म्हणाली. "बाबांच्या दुकानातली. आता काटा इलेक्ट्रॉनिक आलाय, ही खोक्यात पडून असतात. गणपतीला दोन दिवस घरी सोडलं होतं ना, तेव्हा आणली."

"सोळाशे ग्रॅम?"

"आणि सकाळपासून लिटरच्या दोन बाटल्या पाणी. म्हणून तर बाथरूमला जायचं होतं." ती हसली, पण ते हसणे ओठांवरच राहिले. "सगळं बरोबर बसवलं होतं मामा. मॅडमनी जाऊ दिलं असतं तर तुम्हाला कळलंसुद्धा नसतं."

मी मनात वजाबाकी केली. साडेबत्तीस. सहा आठवड्यांपूर्वी पहिल्या छायाचित्राच्या दिवशी याच काट्यावर ती चौतीस किलो दोनशे ग्रॅम भरली होती.

"तू जेवत नाहीस?"

"जेवते की."

"केतकी."

"आई समोर बसते तेव्हा जेवते." तिने मान वळवली. "नंतरचं विचारू नका."

"मला मॅडमना सांगितलं पाहिजे, बाळ."

"सांगा मग. जा. परत नळी घालतील." ती एकदम हळू बोलू लागली. "मागच्या वेळी पाय कुणी धरले होते, आठवतंय का? तुम्हीच धरले होते."

मला आठवत होते. वॉर्डात माणूस कमी होता, म्हणून मला वर बोलावले होते. तिच्या घोट्याभोवती माझा अंगठा आणि बोट एकमेकांना टेकून वर उरत होते. दोन परिचारिका डोक्याशी होत्या, त्यांना ती काहीच म्हणत नव्हती. ती एकसारखी माझ्याकडे पाहून म्हणत होती, "मामा सोडा. मामा, तुम्ही तरी सोडा." मी सोडले नव्हते.

"पंधरा दिवस द्या मला," ती म्हणाली. "इथल्या वासानंच घास उतरत नाही हो. घरी गेले की खाते. आईच्या हातचं खाते. पंधरा दिवसांनी मॅडम बोलावणारच आहेत, तेव्हा खरे छत्तीस घेऊन येते. शप्पथ."

"कुणाची शपथ?"

"तुमची. तुम्ही मरू नये म्हणून तरी खाईन की नाही?"

"माझ्या मरणाची तुला एवढी काळजी?"

"मग! तुमच्यासारखं पुस्तकातलं बोलणारं दुसरं कोण आहे इथं?"

तेवढ्यात भिंतीवरच्या भोंग्यातून अल्ताफचा आवाज आला. अल्ताफ मुजावर हा यंत्र चालवणारा आमचा तंत्रज्ञ. "काय मामा, मुहूर्त बघताय का? पाठवा की पोरीला."

केतकी माझ्याकडे पाहत राहिली. मी तो पट्टा उचलला, माझ्या मेजाच्या खालच्या खणात ठेवला आणि यंत्र पुन्हा तिच्या कमरेवरून फिरवले. ते गप्प राहिले. तपासणीच्या पत्रकात शेवटी 'आढळलेल्या वस्तू' असा एक रकाना असे. तो मी कोरा सोडला आणि खाली सही केली.

तपासणी पाऊण तास चालली. तिच्या दुसऱ्या भागात आडव्या पडलेल्या मुलीला आरशातून खाद्यपदार्थांची चित्रे दाखवीत, आणि ती पाहताना मेंदूचा कोणता भाग जागा होतो ते टिपीत. मी काचेमागे मॅडमच्या पाठीशी उभा होतो. पडद्यावर एकामागून एक येत गेले: वाटीभर बासुंदी, तुपाची धार सोडलेला भात, झुणका-भाकरी, पेढे.

"हे रोज बघून माझंच वजन वाढलंय, मॅडम," अल्ताफ म्हणाला. "बायको विचारते, दवाखान्यात काम करता की खानावळीत?"

मॅडम हसल्या नाहीत. त्या दुसऱ्या पडद्याकडे पाहत होत्या.

"अल्ताफ, हिचा पहिला स्कॅन शेजारी लाव."

दोन चित्रे शेजारी शेजारी उभी राहिली. मला त्यातले विशेष कळत नसे. अक्रोडाची दोन अर्धी कवचे समोरासमोर ठेवावीत तसे ते दिसे. परंतु त्या दिवशी मलाही फरक दिसला. मधल्या काळ्या पोकळ्या दुसऱ्या चित्रात मोठ्या झाल्या होत्या, आणि कडेच्या घड्या सुटून त्यांच्यात अंतर पडले होते.

"या पोकळ्या कमी व्हायला हव्या होत्या," मॅडम स्वतःशीच बोलल्या. "वाढल्यात. मशीन ठीक आहे ना?"

"एकदम ठीक. सकाळीच चेक केलंय, मॅडम."

"वजन दोन किलोनं वाढलंय आणि मेंदू सुकत चाललाय. असं कसं होईल?" त्या खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळल्या. "सुतार, तुमचा तो काटा बरोबर आहे ना?"

"काटा बरोबर आहे, मॅडम."

"आणि अंगावर काही नव्हतं ना हिच्या?"

काचेतून मला तिच्या पायांचे तळवे दिसत होते. अंगावरच्या चादरीतून तेवढेच बाहेर आलेले होते, निळसर, आणि थंडीने एकमेकांवर घासत होते.

"आत जाताना काही नव्हतं, मॅडम," मी म्हणालो.

ते वाक्य मी पारखून बोललो होतो. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मॅडम बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "अभ्यासाच्या चित्रावरून मुलीला अडकवून ठेवता येत नाही. नियम वजनाचा आहे, आणि तिनं तो पाळलाय. तिच्या आईला मी शब्द दिलाय." त्यांनी कागदावर काही लिहिले. "पंधरा दिवसांनी बोलवू. तेव्हा पुन्हा स्कॅन करू."

कपडे बदलून केतकी माझ्या मेजापाशी आली आणि हात पुढे केला.

"ती कशाला आता? राहू देत इथं."

"बाबांची आहेत, मामा. परत ठेवायला नकोत?"

मी पट्टा वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या पिशवीत घातला. इतक्यात तिची आई आत आली. समोरच्या दुकानातून तिने पेढे आणले होते. एक माझ्या हातावर ठेवला, एक केतकीच्या.

"खा की गं. मामांच्या समोर खा."

केतकीने पेढा अख्खा तोंडात घातला, माझ्याकडे पाहत सावकाश चघळला आणि गिळला. मग तोंड उघडून दाखवले.

"बघा. झालं समाधान?"

मला खरोखर समाधान झाले. त्या रात्री मला स्वस्थ झोप लागली, हे मी लपवीत नाही.

बाराव्या दिवशी सकाळी वॉर्डात फोन आला. दात घासायला उठली आणि मोरीच्या उंबऱ्याशी पडली. हृदय बंद पडले. सबनीस मॅडम त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात आल्या नाहीत. पुढे त्या अभ्यासातून केतकीची दोन्ही छायाचित्रे वगळण्यात आली. शेरा अल्ताफने मला वाचून दाखवला: वजन आणि मेंदूची स्थिती यांचा मेळ बसत नाही.

महिनाभराने तिची आई एकटीच आली. मी मेजाशी होतो.

"तिच्या डोक्यातले फोटो काढले होते, ते मिळतात म्हणे?"

मी अर्ज भरून घेतला आणि फिल्म काढून आणली. तिने ती खिडकीकडे धरली, उजेडात तिरकी केली, सरळ केली.

"यात दिसतं का हो?"

"काय, बाई?"

"तिच्या मनात काय चाललं होतं ते."

"नाही. ते नाही दिसत."

"मला वाटलं दिसत असेल. एवढं मोठं मशीन." फिल्म तशीच धरून ती म्हणाली, "सासूबाई येईल त्याला सांगतात, दवाखान्यानं छत्तीस किलोची करून धाडली आणि आईनं बारा दिवसांत मारली. तिचे बाबा तसं म्हणत नाहीत. काहीच म्हणत नाहीत. पण माझ्या हातचं खातही नाहीत. दुकानात फरसाण खाऊन राहतात."

मी उठलो आणि दार लावून घेतले. मग उभ्यानेच तिला सर्व सांगितले: पट्टा, पाच वजने, दोन बाटल्या पाणी, कोरा सोडलेला रकाना, मॅडमना दिलेले उत्तर.

तिने फिल्म मेजावर ठेवली आणि बोटांवर वजने मोजली.

"म्हणजे माझ्याकडं आली तेव्हा ती साडेबत्तीसची होती," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"नाही."

"का?"

शपथ, पंधरा दिवस, पोरीची दया, अशी उत्तरे माझ्यापाशी होती. गेला महिनाभर मी स्वतःस तीच देत आलो होतो. परंतु तिच्यासमोर त्यातले एकही तोंडातून निघेना.

"नळी घालताना मला पाय धरायला बोलावतात, बाई," मी म्हणालो. "ते मला पुन्हा धरवले नसते."

ती शिव्या देईल, चप्पल काढील, आरडाओरडा करील, या सर्वांची मी तयारी केली होती.

"मी धरले असते," ती म्हणाली. "मला बोलवायचं होतं हो. मी धरले असते पाय."

मग तिने फिल्म गुंडाळली आणि तिला रबर लावले.

"एक काम कराल? आत्ता सांगितलंत ते घरी येऊन सांगा. तिच्या बाबांसमोर, सासूबाईंसमोर. मी सांगून कुणी खरं धरायचं नाही."

"येतो. रविवारी येतो."

"नक्की?"

"नक्की."

"मग जेवायलाच या," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर फिल्मचे रबर उगाच सरळ करू लागली. थोड्या वेळाने तिने पुन्हा सांगितले, "अकरापर्यंत या. ते घरी असतात."

रविवारी मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. कुरुंदवाडला एका ओळखीच्या घरी जेवायला जातो आहे, असे बायकोस सांगितले आणि साडेनऊला बसस्थानकावर पोचलो. कुरुंदवाडची गाडी फलाटास लागली होती. मी दाराच्या दांड्यास हात लावून उभा राहिलो. तिच्या बापासमोर बसून 'मी सांगितलं नाही' हे एक वाक्य कसे उच्चारावे, एवढाच विचार मी करीत होतो. त्याच्यामागोमाग दुसरा विचार आला: तो बाप सोमवारी सबनीस मॅडमकडे जाईल, आणि मंगळवारी माझी नोकरी जाईल. माझी अकरा वर्षे उरली होती.

"कुरुंदवाड का?" वाहकाने विचारले.

"नाही. दुसऱ्या गाडीची वाट बघतोय."

ती गाडी गेली. तिच्यानंतरची गेली. त्यानंतरचीही मी जाऊ दिली. पुढच्या रविवारी निश्चित जाऊ असे ठरवले, आणि पुढे तसे कैक रविवार ठरवीत गेलो. ती बाई पुन्हा कधी आली नाही. तिने कोणाकडे तक्रारही केली नाही. मी पूर्ण मुदत भरून, हारतुरे घेऊन निवृत्त झालो.

त्या दिवशी बसस्थानकावरून घरी पोचेपर्यंत दोन वाजून गेले होते. बायको भांडी घासून उठत होती.

"जेवून आलात ना?" तिने विचारले. "का वाढू?"

"जेवलो," मी म्हणालो. "पोट भरलंय."